आई-बाबा, गणपती बसवून मी निघतेय

प्रिय आई-बाबा,

गेल्या आठवड्यात तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा पावसावर नि कोयनेच्या पाण्यावर बोलून ठेवून दिला. तोंडाने सांगणं जमत नाहीये म्हणून टाईप करून पाठवतेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिला मोबाईल हातात देऊ नका, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. आणि हळू वाचा, तुम्ही पेपर वाचता तसं भराभर नको.

मला इंग्लंडमधे शाळेत फिजिक्स शिकवायची नोकरी मिळालीये. लिंकनशायर म्हणून भाग आहे, तिथे बोस्टन नावाचं छोटं गाव. सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली शाळा आहे. व्हिसा परवा आला, तीन वर्षांचा. १ सप्टेंबर २०२५ ला हजर व्हायचंय, विमान २९ ऑगस्टला रात्री मुंबईहून.

ठरवून झालंय. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही दोघं लगेच हो म्हणाला असता, आणि मग आई आत जाऊन उगाच डबे पुसत बसली असती, ते मला बघवलं नसतं. शिवाय दादाच्या वेळी महिनाभर घरात जे चाललं होतं ते मला परत नको होतं. चुकलं असेल माझं. आणि अजून एक चुकलंय ते पण सांगून टाकते, जूनमधे ट्रेनिंग आहे म्हणून मी मुंबईला गेले होते ना, ते ट्रेनिंग नव्हतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जायचं तर आपल्याकडच्या माणसाला टीबीची टेस्ट करावी लागते, त्यांच्या मान्यतेच्या सेंटरवरच, त्यासाठी गेले होते. छातीचा एक्सरे काढताना तो माणूस म्हणाला श्वास रोखून धरा, आणि तेवढ्यात पर्समधे फोन वाजायला लागला, आईचा होता, लाडू पोचले का विचारायला. मी बाहेर येऊन कॉल केला आणि सांगितलं की लेक्चर चालू होतं. आई, त्या दिवसापासून ते घशात अडकलंय.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला माहितीये, एजंट कोण आणि किती दिले. एजंट कुणी नाही, कुणाला एक रुपया दिलेला नाही. २०२२ साली पुण्यातल्या त्या एजंटच्या ऑफिसात मी जे घालवले ते तुम्हाला ४० हजार सांगितले होते, ६० होते. त्यातूनच शिकले. शाळेला बाहेरचा माणूस घ्यायचा तर शाळेकडे तिथल्या होम ऑफिसचं, म्हणजे गृहखात्याचं, स्पॉन्सर लायसन्स लागतं, आणि लायसन्सवाल्यांची सगळी यादी सरकारी वेबसाईटवर उघडी पडलेली असते, कुणीही बघावी. मी आधी यादीत शाळेचं नाव शोधलं, मग अर्ज केला. स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट देतात त्याचे पैसे शाळेनेच भरायचे असतात, उमेदवाराकडून काढता येत नाहीत. नोकरी देतो म्हणून जो पैसे मागतो तो खोटा, हे तुमच्या कट्ट्यावर पण सांगा, तिथल्या दोघा-तिघांची पोरं असल्या फंदात आहेत.

आणि हे काही मागच्या दाराने चाललेलं नाहीये. तिथे पक्का शिक्षक व्हायला क्यूटीएस लागतं, आपल्या बीएडसारखं समजा. फेब्रुवारी २०२३ पासून भारत, घाना, नायजेरिया, जमैका अशा काही देशांतल्या सायन्स, गणित आणि भाषांच्या शिक्षकांना ते आपल्या इथल्या डिग्रीवर आणि अनुभवावर मागता येतं, अर्जाला फी पण नाही. का, तर त्यांना माणसं मिळत नाहीत. २०२३-२४ ला फिजिक्सच्या शिक्षकांचं ट्रेनिंग घ्यायला जेवढी माणसं हवी होती त्याच्या १७ टक्केच आली. वाचलं आणि खरं सांगू, छातीत काहीतरी हललं. इथे मी बारा वर्षं फिजिक्स शिकवतेय आणि कुणालाच मी हवी आहे असं एकदाही वाटलं नव्हतं. बाबा, शिवाजी विद्यापीठाची मार्कशीटं आणि बीएडचं सर्टिफिकेट तुम्ही जपून फायलीत लावून ठेवली होती तीच सगळी स्कॅन करून पाठवली, कोपरा पण दुमडलेला नव्हता एकाचा.

तुम्ही म्हणाल इथे काय वाईट होतं. वाईट नव्हतं. पण २०१६ आठवा. संस्थाचालकांनी आकडा सांगितला आणि तुम्ही रात्री जेवताना म्हणालात की विहिरीकडचं रान काढू. मी ताट सारून उठले होते, तुम्हाला वाटलं रागावले. रागावले नव्हते हो. चौतीस वर्षं झेडपीच्या शाळेत काढलेल्या माणसाने पोरीला शिक्षिका करायला रान विकायचं, हे मला सहनच होत नव्हतं. मग तासिकेवर केलं, किती तास झाले तेवढेच पैसे, मे महिन्यात शून्य. शिक्षणसेवकांचं मानधन २०२३ ला वाढलं, ८ हजाराचे १८ हजार झाले, तुम्ही कात्रण पण ठेवलंत, पण त्यासाठी पद तर पाहिजे. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर मी किती वाट बघितली ते तुम्हाला माहितीये. आता पुण्यात ३८ हजार मिळतात, त्यातले १२ भाड्यात जातात, आणि दर शनिवारी कराडला यायचं म्हणते तरी महिन्यातून दोनदाच येणं होतं. म्हणजे तसं बघितलं तर मी आत्ता तरी कुठे तुमच्याजवळ आहे? हे मी स्वतःलाच समजावतेय, कळतंय मला.

पगार वर्षाला ३२,९१६ पौंड. बाबा, लगेच रुपयात गुणाकार करून कट्ट्यावर सांगू नका, टॅक्स, पेन्शन सगळं कापून महिन्याला दोन हजार पौंडांच्या आसपास हातात येतील, खोलीचं भाडं वेगळं. तरी उरतील. दवाखान्यासाठी एक सरचार्ज असतो, वर्षाला १,०३५ पौंड, तीन वर्षांचा आधीच भरावा लागतो, तो भरलाय, त्यामुळे मी आजारी पडले तर काय ही काळजी नको. हे सगळं माझ्या एफडीतून केलं. आई, तुझ्या पाटल्यांना हात लावलेला नाही, बँकेच्या लॉकरमधे आहेत तशा आहेत.

इंटरव्ह्यू व्हिडिओवर झाला आणि पंधरा मिनिटांचा पाठ घेऊन दाखवायचा होता. काय घेऊ, काय घेऊ, रात्रभर सुचेना. शेवटी बुटाचं खोकं काढलं. बाबा, आठवतंय? पत्र्याच्या खोलीत लाईट गेलेली, तुम्ही खोक्याला सुईने भोक पाडलंत, मागची बाजू कापून तिथे गोडेतेल लावलेला कागद चिकटवलात, समोर मेणबत्ती धरलीत, आणि त्या पिवळ्या कागदावर ज्योत उलटी दिसली. मी सात वर्षांची असेन. मी मेणबत्तीवर फुंकर घालायला गेले तर कागदावरची ज्योत उलट्या बाजूला झुकली आणि मी किंचाळले. तुम्ही काही समजावलं नाहीत, नुसतं म्हणालात, परत फुंक. तेच केलं मी कॅमेऱ्यासमोर. तसंच गोडेतेल, तसाच कागद. पलीकडे दोन बाई आणि एक सर होते, त्यातल्या एक बाई पुढे वाकून बघायला लागल्या, तेव्हाच मला कळलं की हे होणार. तुमचं जुनं खोकं माळ्यावर असेल तर काढून ठेवा, मला न्यायचंय.

आता तिथलं. गावाभोवती सपाट शेतं आहेत, कोबी, फ्लॉवर, बटाटा, म्हणजे बाबांना बोलायला विषय आहे. खोली शाळेपासून चालत बारा मिनिटं, घरमालकीण एकटी राहते, तिला विचारलंय, फोडणीला हरकत नाही. ज्वारीचं पीठ, हिंग, तूरडाळ सगळं लेस्टरला मिळतं, ते दोनेक तासांवर आहे, तिकडे आपली माणसं खूप आहेत. आई, त्यामुळे पिठाची पिशवी भरू नकोस, फक्त तुझा काळा मसाला दे, अर्धा किलो, आणि तो दोन पिशव्यांत घट्ट बांध. थंडीचे कपडे तिथेच घेणार, इथले तिकडे पुरत नाहीत म्हणतात. वर्गात तीसेक पोरं असतील. इथे पासष्ट सांभाळली, तीस काय.

आई, हे तुला सगळ्यात जास्त लागणार. गणपती २७ ऑगस्टला बसतात, ते मी बसवून जाईन, दुर्वा निवडायला मीच बसेन. पण गौरी ३१ ला येतात, तेव्हा मी नसेन. गौरीला साडी नेसवायला वहिनी येईल, मी तिच्याशी बोललेय, ती स्वतःहून हो म्हणाली, तेव्हा जुनं काही काढू नकोस प्लीज. दिवाळीत पण नाही जमणार, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि शाळेची सुट्टी २७ पासून, सहा दिवसांनी हुकतंय. उन्हाळ्याची सुट्टी जुलैअखेरपासून सहा आठवडे, तेव्हा नक्की. पुढच्या वर्षी अधिक महिना आहे म्हणून आषाढी २५ जुलैला पडतेय, पोचायला एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी आपण तिघं पंढरपूरला जाऊ, गाडी करून. गणपती मात्र १४ सप्टेंबरला बसतायत, ते परत चुकणार. आत्ताच सांगितलेलं बरं.

व्हिसाचा अर्ज भरताना एक पान येतं, सोबत कोण येणार म्हणून. नवरा, बायको, अठराच्या आतली मुलं. संपली यादी. आई-वडिलांना त्यात जागाच नाही. मी ते पान उघडं ठेवून किती वेळ बसले होते, मग स्क्रीन आपोआप बंद झाली आणि परत लॉगिन करावं लागलं. तुम्हाला पाहुणे म्हणून येता येईल, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, त्याचा वेगळा व्हिसा काढायचा. पुढच्या एप्रिल-मेमधे बघू. नाही म्हणू नका लगेच.

आता कामाचं, नीट ऐका. मोरीत धरायला स्टीलचा दांडा बसवायला प्लंबर येत्या मंगळवारी येतोय, बाबा त्याच्याशी पैशावरून वाद घालू नका, मी दिलेत. आईचं डोळ्याचं ऑपरेशन १२ ऑगस्टला, तारीख घेतलीये, मी चार दिवस रजा टाकलीये, पुढे ढकलायचं नाही, पंचमी आणि श्रावण काहीही कारण चालणार नाही. स्वयंपाकाच्या मावशी १ सप्टेंबरपासून दोन्ही वेळा येतील. आई, त्यांच्या मागे मागे ओट्यापाशी उभी राहू नकोस, गुडघा बघ आधी. सिलेंडर बाबांनी उचलायचा नाही. गोळ्यांचा सात खणांचा डबा मी रविवारी भरून देईन, नंतर शेजारच्या काकू भरतील. घड्याळाचं पण लक्षात ठेवा, आत्ता आपण साडेचार तास पुढे आहोत, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात की साडेपाच होतील. मी रोज आपल्या रात्री साडेनऊला फोन करणार. एखाद दिवशी उशीर झाला तर टीव्ही बंद करून वाट बघत बसू नका, झोपा.

बाबा, हा पुढचा एवढा भाग मनात वाचा. छातीत जरा जरी दुखलं, डाव्या हाताला मुंग्या आल्या, तर आईला घाबरवायचं नाही म्हणून गच्चीवर जाऊन बसायचं नाही. मिरजेला ते तेरा दिवस मी बाहेरच्या बाकावर काढलेत. आधी समोरच्या डॉक्टरांना फोन, मग दादाला, मग मला, कितीही वाजले असले तरी. दादाचा फोन उचला. तो येतो म्हणालाय, तुम्ही फक्त ये म्हणा. माझ्यासाठी एवढं करा. मी विमानात बसेन ती याच एका गोष्टीच्या भरवशावर बसेन.

हं, आता परत मोठ्याने.

मी शुक्रवारी रात्रीच्या एसटीने येतेय, अकरा-साडेअकरा होतील. आई, काही करत बसू नकोस, भाकरी आणि ठेचा झाकून ठेव, बास. रडायचं असेल तर मी यायच्या आत रडून घे, नाहीतर मी पण रडेन आणि मग बाबांना दोघींना चहा करून द्यावा लागेल, त्यांना साखरेचा डबा सापडत नाही. बाबा, स्टँडवर घ्यायला येऊ नका, पाऊस आहे, मी रिक्षाने येते. कडी आतून लावा, मी खाली आले की मिस कॉल देते.

तुमची,
बेबी