वेदनेचे एकच रसायन नसते

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील दीर्घकालीन वेदनांवरील लेखात 'सबस्टन्स पी' या न्यूरोपेप्टाइडला (चेतापेशी संदेशासाठी वापरतात अशा, लहान प्रथिनासारख्या रसायनाला) 'वेदनेचे रसायन' ठरवून, ते रोखले की वेदना थांबेल, असे जे सुचवले आहे, ते पटणारे नाही. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम या संशोधकांना १९३१ मध्ये हा पदार्थ घोड्याच्या मेंदूच्या व आतड्याच्या अर्कात आढळला, तेव्हा दिसलेले परिणाम आतड्याचे आकुंचन आणि रक्तदाबातील घट हे होते. वेदनेशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. तो संबंध खोटा नाही. आपल्या नाशिकची झणझणीत मिसळ खाताना तिखटातील कॅप्सेसिन ज्या चेतातंतूंना चेतवते, त्यांच्या टोकांतून हेच पेप्टाइड स्रवते. मात्र त्याचा एनके-१ हा ग्राही, म्हणजे पेशीवरील ज्या जागी चिकटून ते परिणाम करते ती जागा, रोखणारी औषधे प्राण्यांवर गुणकारी वाटूनही माणसांवरील चाचण्यांत वेदनाशामक म्हणून अपयशी ठरली. वेदनेचा संदेश ग्लुटामेटसारखी इतर द्रव्येही वाहून नेतात, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. एनके-१ रोखणाऱ्या त्याच गटातील अ‍ॅप्रेपिटंट या औषधाला २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती केमोथेरपीनंतरची मळमळ व उलट्या टाळण्यासाठी. मेंदूतील उलटीच्या केंद्रातही हाच ग्राही असतो.

या अपयशाचा लेखात एका वाक्यानेही उल्लेख नाही. लेख वाचून कोणी औषधाच्या दुकानात 'वेदना बंद करणारी गोळी' मागण्यापूर्वी पुढील पुरवणीत तसा खुलासा छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड, नाशिक