ऑलिव्हिया डी हॅविलंड यांचा न्यायालयीन लढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या हॉलिवूडच्या अभिनेत्रींवरचा लेख मनापासून आवडला. मात्र ऑलिव्हिया डी हॅविलंड यांच्याविषयी त्यात ‘गॉन विथ द विंड’मधील मेलनीची भूमिका आणि धाकटी बहीण जोन फाँटेन यांच्याशी असलेले वितुष्ट यापलीकडे काहीच नव्हते, याची खंत वाटली. ज्या खटल्याने अमेरिकेतील चित्रपट कलावंतांना करारांच्या जाचातून सोडवले, त्याचा उल्लेखही नसावा हे पटले नाही, म्हणून हे पत्र.

१९१६ साली टोकियोत ब्रिटिश आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात वाढलेल्या ऑलिव्हिया अठराव्या वर्षी मॅक्स राइनहार्ट यांच्या नाटकातून पुढे आल्या आणि लगेच वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीशी करारबद्ध झाल्या. एरॉल फ्लिन यांच्याबरोबरच्या साहसपटांनी त्यांना लोकप्रियता दिली. परंतु नायकाकडे कौतुकाने पाहणारी सालस नायिका हीच भूमिका पुन्हा पुन्हा पदरी पडू लागली. मेलनीची भूमिका दुसऱ्या निर्मात्याच्या चित्रपटातली, त्यामुळे तिच्यासाठीही मालक जॅक वॉर्नर यांच्या पत्नीला गळ घालून परवानगी मिळवावी लागली.

त्या काळच्या करारातली खरी मेख निलंबनाच्या कलमात होती. कलावंताने भूमिका नाकारली की त्याला बिनपगारी निलंबित करायचे आणि निलंबनाचा काळ कराराच्या शेवटी जोडायचा, अशी रीत होती. म्हणजे जो जितका स्वाभिमानी, त्याची मुदत तितकी लांबणार. ऑलिव्हिया यांचा १९३६ मधील करार सात वर्षांनी, १९४३ मध्ये संपला, तेव्हा कंपनीने आणखी २५ आठवड्यांवर हक्क सांगितला. कोणालाही वैयक्तिक सेवेच्या करारात सात वर्षांहून अधिक काळ बांधून ठेवता येणार नाही, असे कॅलिफोर्नियाचा कायदा सांगत होता. ही सात वर्षे प्रत्यक्ष कामाची धरायची की दिनदर्शिकेतली, एवढाच वादाचा मुद्दा होता. वकील मार्टिन गँग यांच्या सल्ल्याने त्या न्यायालयात गेल्या.

हे धाडस किती मोठे होते, हे समजण्यासाठी बेटी डेव्हिस यांची आठवण पुरेशी आहे. त्याच कंपनीविरुद्ध लंडनच्या न्यायालयात १९३६ मध्ये हरून त्यांना निमूटपणे कामावर परतावे लागले होते. इकडे जॅक वॉर्नर यांनी इतर स्टुडिओंना पत्रे पाठवून ऑलिव्हिया यांना काम देऊ नये अशी तजवीज केली, आणि ऐन उमेदीच्या काळात त्यांना कॅमेऱ्यापासून दूर राहावे लागले. त्या दिवसांत त्या युद्धातील जखमी सैनिकांच्या भेटीला रुग्णालयांतून फिरत होत्या. डिसेंबर १९४४ मध्ये अपील न्यायालयाने सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेतील सात वर्षेच, असा निर्वाळा दिला. पुढे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीची फेरविचाराची विनंती फेटाळली.

स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांनी काय केले, हेही पाहण्याजोगे आहे. ‘टू ईच हिज ओन’ (१९४६) आणि ‘द एअरेस’ (१९४९) या चित्रपटांसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. या दोहोंच्या मध्ये आलेल्या ‘द स्नेक पिट’मधील मनोरुग्णाच्या भूमिकेसाठी त्यांनी मनोरुग्णालयांत जाऊन रुग्णांचे निरीक्षण केले होते. माझ्या मते त्यांचा सर्वांत धीट अभिनय तोच. १९६५ मध्ये कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या आणि २०२० मध्ये पॅरिस येथे १०४ व्या वर्षी निवर्तल्या.

तो निकाल आजही ‘डी हॅविलंड कायदा’ म्हणून ओळखला जातो. २००८ मध्ये एका ध्वनिमुद्रण कंपनीने ‘थर्टी सेकंड्स टू मार्स’ या वाद्यवृंदावर करारभंगाचा ३ कोटी डॉलरचा दावा लावला, तेव्हा गायक जॅरेड लेटो यांनी याच कायद्याचा आधार घेतला, आणि पुढे पॅरिसला जाऊन नव्वदी ओलांडलेल्या ऑलिव्हिया यांचे समक्ष आभार मानले.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा