'डाग नाही' असे छापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'पायांवरच्या निळ्या-जांभळ्या शिरा घालवा. चिरफाड नाही, डाग नाही!' अशा जाहिराती हल्ली आपल्या पुरवणीत वरचेवर दिसतात. बाहेरगावचे डॉक्टर महिन्यातून एकदा इकडे येतात, इंजेक्शने देतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. मी निवृत्त परिचारिका, रत्नागिरीची. साहजिकच नंतर पाय दाखवायला बायका माझ्याकडे येतात. परवा शेजारची सून आली होती. शिरा गेल्या खऱ्या, पण घोट्याच्या वर नेमक्या त्यांच्याच वाटेने तपकिरी रेघा उमटल्या होत्या, चहाचा ओघळ वाळावा तशा.

उपचाराला माझा विरोध नाही. बारीक सुईने शिरेत औषध सोडले की आतले अस्तर दुखावते, शिर मिटते आणि पुढे शरीरच ती शोषून घेते. या खटाटोपात थोडे रक्त बाहेर झिरपते आणि त्यातले लोह कातडीत साठून राहते. डाग पडतो तो त्याचा. साधारण १०० पैकी १० ते ३० जणांना तो पडतो. बहुतेकांचा सहा महिने ते वर्षभरात फिका होतो, मोजक्यांचा त्यापुढेही रेंगाळतो. डॉक्टरांना हे पाठ असते. मग पेशंटला आधी का सांगत नाहीत?

डाग मुख्यतः लोहाचा असल्याने गोरेपणाच्या क्रीमने तो जात नाही. तरी मेडिकलमधून कुणी सांगेल ती ट्यूब आणली जाते. तिच्यात स्टेरॉइड निघाले तर कातडी पातळ होते ती वेगळीच.

खरा उपाय वेळेवर करायचा असतो. मिटलेल्या शिरेत रक्त साकळून दुखरी गाठ झाली, तर ते दोन-तीन आठवड्यांत सुईने टोचून काढतात. त्याने डाग कमी राहतो. पण डॉक्टर उगवणार महिन्याने, मध्ये शिमगा किंवा गणपती आले तर आणखी उशिरा. घट्ट मोजे घालायला सांगतात, तेही आपल्या दमट उन्हाळ्यात कोण पाळणार? त्या सुनेचे मोजे चौथ्या दिवशी दोरीवर वाळत होते. हौसेचाच उपचार आहे, तर थंडीत करावा.

मिरकरवाड्याला तासन् तास उभ्या राहणाऱ्या मासेवाल्या बायकांचे दुखणे मात्र निराळे. पाय सुजणे, शिरा फुगून वर येणे, घोट्याजवळ काळवंडणे हा आजार आहे. तिथे आधी डॉपलर तपासणी, म्हणजे शिरांतले रक्त कसे वाहते ते दाखवणारी सोनोग्राफी, हवी. आतल्या मोठ्या शिरेची झडप गळत असताना वरवर इंजेक्शने दिली, तर शिरा पुन्हा येतात आणि डागही जास्त पडतात.

शिबिर भरवणाऱ्यांनी संमतीपत्र मराठीत द्यावे, डागाची शक्यता त्यात स्पष्ट लिहावी आणि मधल्या काळात पाय बघायला गावातला एक डॉक्टर नेमून द्यावा. आपणही यापुढे अशी जाहिरात आली, तर 'डाग नाही' हे शब्द गाळूनच ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, रत्नागिरी