बाबा, ते पाकीट अजून फोडू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल आई बोलता बोलता म्हणाली की बाबांनी पोटशुद्धीचं पाकीट मागवलंय आणि एकादशी झाली की सुरू करणार आहेत. सकाळी उपाशीपोटी पेलाभर दुधीचा रस, दुपारपर्यंत नुसती फळं, रात्री कोमट पाण्यातून ती पावडर. मी फोनवर काही बोलले नाही. बाबा शेजारीच बसले होते, आणि फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत वादावर जातं. म्हणून आज सुट्टीचा दिवस धरून लिहायला बसले. बाबा, पत्र शेवटपर्यंत वाचा आणि तोवर पाकीट फोडू नका, एवढं माझं ऐका.

तुम्हाला हे करावंसं का वाटलं ते मला कळतं. मागच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली, डॉक्टरांनी गोळी वाढवली, आणि सकाळी बरोबर फिरणाऱ्यांपैकी कुणीतरी सांगितलं की याने शरीर आतून साफ होतं. गोळ्या वाढत चालल्या की माणूस दुसरी वाट शोधतोच. मीही शोधली होती. तेव्हा तुम्हाला कळवलं नाही, कारण आईला रात्र रात्र झोप लागली नसती.

गेल्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर, ती एचबीएवनसी, ६.१ आली. ५.७ च्या खाली असली तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. मी मधल्या पट्ट्यात. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबीही दिसली. आजीला मधुमेह, तुम्हाला मधुमेह, त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला. ऑफिसातली एक मैत्रीण त्या वेळी ज्यूस क्लेन्झ करत होती, मीही तिच्यासारख्या बाटल्या मागवल्या. पालक-काकडी, बीट-गाजर-सफरचंद, अननस-पुदिना, आणि रात्रीसाठी बदामाचं दूध. चहा बंद. चावून खायचं काहीच नाही.

दुपारनंतर डोकं असं धरलं की कानशिलं ठणकायला लागली. बाटल्यांबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं की शरीरातली विषं बाहेर पडताना असं होतं. खरं कारण इतकंच की इतक्या वर्षांचा चहा एकदम तुटला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बीकेसीतल्या ऑफिसातून शेअर रिक्षाने कुर्ल्याला आले आणि स्टेशनच्या पुलावर गर्दीत पाय लटपटले. एका अनोळखी बाईने दंड धरून मला कठड्याशी उभं केलं आणि पर्समधली शेंगदाण्याची चिक्की हातात ठेवली. मी ती तिथेच खाल्ली.

वजन उतरलं, हे खरं आहे. जेवायला लागल्यावर आठवड्याभरात परतही आलं. माझ्या डॉक्टरबाईंनी नंतर समजावलं की पुरेसं खाल्लं नाही की शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरतं आणि त्याच्याबरोबर धरलेलं पाणी निघून जातं. काट्यावर कमी दिसतं ते बरंचसं हे पाणी. चरबी इतक्या थोड्या दिवसांत फारशी हलत नाही. सफाईचं विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. लिव्हर औषधांपासून दारूपर्यंत सगळ्याची विल्हेवाट लावत असतं. हे काम कुठल्याही पावडरीशिवाय जन्मापासून चालू आहे. त्यांना मदत करायची तर रोज त्यांच्यावर कमी बोजा टाकायचा.

बाबा, मी चाळिशीच्या आतली, एकही गोळी न घेणारी, तरी पुलावर माझी ही अवस्था झाली. तुमचं तसं नाही. तुमच्या सकाळच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवलेले असा किंवा नसा. गोळी घेतली आणि पोटात नीट अन्न गेलं नाही तर साखर घसरते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो, बेशुद्धही पडू शकतो. शिवाय तुमचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे किडन्यांचं काम थोडं मंदावलंय, आणि ब्लडप्रेशरला टेल्मिसार्टन चालू आहे. अशा वेळी रोज पालेभाज्यांचे आणि फळांचे रस ढोसले तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो.

दुधीचं मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे तो अगदी गरीब समजला जातो. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञांचा कडू दुधीचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. दुधीत कधी कधी क्युकरबिटासिन नावाचं द्रव्य वाढतं, त्यानेच तो कडू होतो. मग उलट्या, रक्ताच्या उलट्या, ब्लडप्रेशर एकदम खाली, हे सगळं थोड्या वेळात होऊ शकतं. औषधी म्हणून माणूस कडू रसही नाक दाबून पितो, तिथेच घात होतो. आई, दुधी चिरताना फोड जिभेवर ठेवून बघ आणि कडू लागला तर सरळ फेकून दे, भाजीलाही वापरू नकोस. चवीला गोड असलेल्या दुधीची तुझी चणाडाळ घातलेली भाजी खुशाल करत जा.

त्या बाटल्या मागवल्या याचं मला वाईट वाटत नाही. त्या दिवसांत एक गोष्ट कळली. चहा परत सुरू केला तेव्हा टपरीवरचा कटिंग इतका गोड लागला की अर्धा तसाच ठेवला. मग एकदा टपरीवाल्या काकांना विचारलं, एका ग्लासात साखर किती पडते? त्यांनी पातेल्यात साखर टाकायचा डबा दाखवला आणि हिशोब केला: दीड चमचा तरी. दिवसाला चार कटिंग झाले की सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या खाली राहिली तर उत्तम, म्हणजे तेच सहा चमचे. माझा सगळा कोटा चहातच संपत होता, आणि त्यावर खारी, बिस्किटं, कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा केक. आता सकाळचा एक चहा घरचा, अर्धा चमचा साखरेचा. जीभ लवकर वळते, खरंच.

दुसरा बदल वेळेचा. साडेनऊला भांडुपला पोचायचं आणि दहा वाजता वरणभात खाऊन लगेच आडवं व्हायचं, हे इतकी वर्षं चाललं होतं. आता दोन डबे नेते. दुसरा संध्याकाळी सातला ऑफिसातच खाते, निघायच्या आधी. पहिले काही आठवडे लोक बघायचे, आता आणखी दोघीजणी माझ्याबरोबर बसतात. कँटीनमध्ये समोसे येतात तेव्हा माझं पोट भरलेलं असतं, त्यामुळे मोह आवरायचा प्रश्नच येत नाही. घरी आल्यावर ताक, फार तर मुगाचं पातळ कढण.

आणि डब्यात काय, तर आई, तुझंच सगळं. रविवारी स्टेशनजवळच्या बाजारातून मेथी, चाकवत, गवार, काकड्या आणते. मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवते, दुसऱ्या दिवशी मोड. भाकरी मात्र शिकायला वेळ लागला. आता पिठात उकळतं पाणी ओतून झाकून ठेवते, मग तळहाताच्या गादीने रगडून मऊसूत करते. थापताना कडा चिरली तर ओलं बोट फिरवते. तव्यावर टाकली की वरून पाणी लावायचं आणि ते सुकायच्या आत उलटायची, ही वेळ साधली की जाळावर टम्म फुगते. मला त्याचा फार आनंद होतो. पण ज्वारी म्हणजे औषध नाही, बाबा. तिनेही साखर वाढतेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराबद्दल नव्याने सूचना काढल्या. त्यात म्हटलंय की दिवसभराच्या ऊर्जेपैकी धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये, आणि अर्धं ताट भाज्या-फळांचं असावं. आपल्या घरी तीन भाकऱ्या आणि वाटीच्या तळाशी भाजी असते. मी ते उलटं केलं, दीड भाकरी, बाकी उसळ, पालेभाजी, कोशिंबीर. एवढ्यावर गेल्या महिन्यात एचबीएवनसी ५.८ आली. पट्ट्यातून अजून बाहेर पडले नाहीये, पण उतरतेय.

आई, आता तुझं. तू सगळ्यांचं झाल्यावर अडीच वाजता बसतेस आणि जे उरलं असेल ते खातेस. बहुतेक वेळा भाजी संपलेली असते आणि तू भाकरीबरोबर लोणचं किंवा ठेचा घेतेस. गुडघे दुखतात, जिने चढताना दम लागतो म्हणतेस, आणि ताटात ना डाळ ना भाजी. मला याचा त्रास होतो, बाबांच्या साखरेइतकाच. चतुर्मासात उपास वाढले की साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे नुसतं पिष्ट. उपास सोड असं मी कधी म्हणणार नाही. पण त्या दिवशी राजगिरा, दाणे, दही, ताक घे. इतर दिवशी नाचणीची भाकरी कर. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आणि बाबांच्या ताटाबरोबरच स्वतःचं ताट वाढून घे. बाबा, हे तुम्ही बघायचं. ती बसल्याशिवाय तुम्ही घास उचलू नका.

पुरणपोळी, दिवाळीचा फराळ, यातलं काही मी सोडणार नाही, तुम्हीही सोडू नका. सणाला खाऊन कुणाचं बिघडत नाही, रोजच्या ताटाने बिघडतं. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कंदी पेढ्यांचा किलोचा पुडा पाठवू नकोस, आई. पाव किलो पाठव. नको म्हटलं की तुझा चेहरा उतरतो, म्हणून लिहून सांगतेय.

बाबा, तुम्हाला काहीतरी करायचंच आहे ना, तर हे करा. रात्रीचं जेवण बातम्यांच्या आधी, साडेसातला. गोळ्यांच्या वेळा मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलायच्या. जेवल्यावर राजवाड्यापर्यंत सावकाश एक फेरी, आईला बरोबर घेऊन; जेवणानंतर चाललं की साखर तेवढी चढत नाही. फळ खायचं तर रस न काढता चावून.

पुढच्या शनिवारी सकाळची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा. मी शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघते, पहाटे स्टँडवर उतरेन, न्यायला येऊ नका. जुन्या रिपोर्टांची फाईल, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि ते पाकीट, तिन्ही एका पिशवीत काढून ठेवा. पाकिटावर आत काय काय घातलंय ते छापलेलं असेल, तर डॉक्टरांना दाखवून त्यांनाच विचारू. आणि आई, त्याच दिवशी तुझंही रक्त तपासून घ्यायचं आहे, तेव्हा सकाळी उपाशीपोटी राहा.

तुमची,
ताई
भांडुप, मुंबई