टायर ओढणाऱ्या पोरांचा फोटो बघून

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात क्रीडा पानावर चांगला चार कॉलमी फोटो आला होता, पहाटेच्या धुक्यात पंधरा-सोळा पोरं कमरेला दोरी बांधून टायर ओढतायत आणि खाली ओळ, 'युवा फुटबॉलपटूंचा कसून सराव'. फोटो झकास आहे, काढणाऱ्याला सलाम. पण सकाळी आठच्या आत सात पालकांनी तोच फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, सर आपल्या पोरांकडनं असं कधी करून घेणार? मी फोटो झूम करून बघितला, बॉल कुठं दिसतोय का शोधला. एकही नाही. म्हणून हे पत्र.

मी कोल्हापुरात चौदा-पंधरा वर्षांच्या निवडक पोरांची टीम घेतो. इलाइट वगैरे शब्द बॅनरवर बरा दिसतो, खरं म्हणजे ट्रायलमधनं गाळून गाळून उरलेली ही वीस पोरं, त्यात दोन गोलकीपर. आठवड्यातनं चार दिवस, सकाळी दीड तास, तेही अर्धं ग्राउंड, कारण उरलेल्या अर्ध्यात टेनिस बॉल क्रिकेटवाले असतात आणि त्यांच्याशी भांडून काही उपयोग नाही हे मला कधीच कळलंय. म्हणजे आठवड्याला हातात सहा तास. त्यातला एक तास टायरला दिला तर मग पोरगं फुटबॉल कधी शिकणार हो? ताकद नको असं मी म्हणत नाही, पण ताकदीचे व्यायाम वीस मिनिटांत, नीट बघून, वयाप्रमाणे करून घेता येतात.

आधी माझंच पाप सांगतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी पण हेच करत होतो कारण आमच्याकडनं पण तेच करून घेतलेलं, ग्राउंडला दहा राउंड, उशीर झाला की अजून पाच, मॅच हरलो की रंकाळ्याला फेरी. एक पोरगं होतं, वर्षात बुटाचा नंबर दोननं वाढलेला, ते म्हणायचं सर गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय. मी म्हटलं नाटक करू नको, पळ. महिन्याभरात ते लंगडायला लागलं. डॉक्टरांनी वाटीखालच्या टेंगळावर नुसता अंगठा ठेवला तर पोरानं टेबलाची कड गच्च धरली. ऑसगुड-श्लॅटर म्हणतात त्याला, वाढीच्या वयात हाड भराभर वाढतं आणि मांडीच्या स्नायूंचा ताण नडगीच्या वरच्या टोकावर येतो, त्यात पळणं-उड्या जास्त झाल्या की तिथं सूज येते. डॉक्टर मला काही बोलले नाहीत, नुसतं विचारलं, कोच तुम्हीच का? तेव्हापासून दर तीन महिन्यांनी पोरांची उंची मी भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून मोजतो, ज्याची भराभर वाढतेय त्याच्या उड्या आणि स्प्रिंट कमी.

आता सेशन कसं असतं ते सांगतो, बुधवारचं घ्या. रविवारी मॅच झालेली, सोमवारी सुट्टी, मंगळवारी हलकं, म्हणून दमवायचं ते बुधवारी, आणि पुढची मॅच परत रविवारी असेल तर शनिवारी अगदी थोडं. आदल्या रात्री जेवण झालं की मी एका कागदावर पहिल्यांदा एकच ओळ लिहितो, उद्या काय शिकवायचं. एकच गोष्ट, दोन नाही. परवा लिहिलेलं, 'समोरचे अंगावर आले तरी गोलकीपरपासनं बॉल बाहेर काढायचा'. पुढचा सगळा दीड तास त्या ओळीला बांधलेला, त्यात न बसणारा ड्रिल कितीही भारी असला, यूट्यूबवर लाखो लोकांनी बघितलेला असला, तरी बाद.

पोरं सव्वासहाला यायला लागतात, पहिली सहा आली की लगेच चौकोनात चौघं बाहेर आणि दोघं मध्ये, बॉल फिरवायचा. सगळे येईपर्यंत थांबायचं नाही, त्यामुळं उशिरा येणाराच हळहळतो, त्याला वेगळी शिक्षा लागत नाही. मग वीस मिनिटं वॉर्मअप. फिफानं अकरा प्लस नावाचा पंधरा व्यायामांचा कार्यक्रम फुकट देऊन ठेवलाय, हळू पळणं, मग पोट-पाठ-मांडीची ताकद आणि तोल, शेवटी वेगात पळणं. आठवड्यातनं दोन-तीनदा नियमानं केला तर दुखापती चांगल्यापैकी कमी होतात हे अभ्यासातनं दिसलंय. त्यातला गुडघ्यावर बसून, मागं जोडीदारानं घोटे धरून, अंग सावकाश पुढं सोडायचा एक व्यायाम आहे ना, तो करताना आमचे पैलवान घराण्यातले दोन गडी पण तोंडावर पडलेत. टायरची हौस असणाऱ्यांनी तो एकदा करून बघावा.

त्यानंतर खरं काम. गोलकीपर, चार डिफेंडर, दोन मिडफिल्डर असे सात एका बाजूला, पाच जण अंगावर जाणारे. सातांनी बॉल मधल्या रेषेवर प्लास्टिकचे कोन ठेवून केलेल्या दोन गेटांपैकी एकातनं बाहेर काढायचा, पाचांनी हिसकावून थेट गोल मारायचा. चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, असं चारदा. उरलेली आठ पोरं असिस्टंटकडे शेजारच्या पट्ट्यात चार-चारची मॅच खेळतात आणि मध्ये अदलाबदल. त्या दोन मिनिटांत पाणी, आणि मी एकच प्रश्न विचारतो, बॉल यायच्या आधी मागं कुणी बघितलं? पहिल्यांदा कोण हात वर करत नाही. चौथ्या वेळेला चार-पाच हात येतात, त्यातले दोन खोटे असतात, ते पण कळतं.

हे सात-पाचच का, तर साधा हिशोब आहे. वीस पोरं एका रांगेत उभी करून शूटिंग घेतलं, एका शॉटला बॉल आणेपर्यंत अर्धा मिनिट धरला, तर वीस मिनिटांत चाळीस शॉट, म्हणजे एकाच्या वाट्याला दोन. बाकी वेळ पोरगं रांगेत उभं राहून पुढच्याच्या टपलीत मारत असतं. लहान टीम, लहान जागा केली की पायात बॉल आणि डोक्यात प्रश्न सारखा येत राहतो.

शेवटी अर्धा तास मॅच, पण दर वेळेला सुरुवात गोलकिकनं, म्हणजे किपरनं गोलसमोरनं बॉल खेळात आणायचा, आणि शेवटची दहा मिनिटं मी तोंड बंद ठेवतो. हे सगळ्यात अवघड. २०१९ ला गोलकिकचा नियम बदलला, बॉल पेनल्टी बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या, बाहेर जायची गरज राहिली नाही, किपरनं मारून हलला की खेळ सुरू. तेव्हापासून बॉक्समध्येच डिफेंडरनं बॉल घेऊन खेळ बांधता येतो, मोठ्या टीम तेच करताना टीव्हीवर आपण रोज बघतो, पण आपल्याकडं किपरनं छोटा पास दिला रे दिला की कठड्यावरनं आरडाओरडा, वर मार लेका, वर मार!

गेल्या महिन्यात तेच झालं. आमच्या किपरनं छोटा पास दिला, डिफेंडरचा पहिला टच लांब पडला, समोरच्यानं उचलला आणि गोल. मागनं एक काका ओरडले, कोचला घरी पाठवा. पोरगं रडायच्या बेतात. पुढची गोलकिक आली तसं त्यानं बॉल ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी हातानंच खूण केली, परत तेच. त्यानं दिला, ह्या वेळेला डिफेंडर आधीच वळून उभा होता, बॉल मिडफिल्डला निघाला. गोल झाला नाही, मॅच पण आम्ही हरलो, ते काका तर तिसऱ्या गोलनंतर निघून गेलेले. पण बुधवारी शिकवलेली गोष्ट रविवारी मैदानात दिसली, मला अजून काय पाहिजे.

दुसरं एक, फोटोत पुढं कोण होतं बघा, सगळ्यात धिप्पाड दोन पोरं. टायरमध्ये तीच जिंकणार. वयोगट १ जानेवारीपासनं धरतात, त्यामुळं जानेवारीतलं आणि डिसेंबरातलं पोरगं एकाच गटात, जवळपास वर्षाचा फरक, त्यात एकाला मिसरूड फुटलेलं आणि दुसऱ्याचा आवाज पण फुटला नाही. ताकदीवर निवडलं तर बारकं पोरगं पहिल्याच दिवशी घरी. २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप आपल्याच देशात झाला, भारत पहिल्यांदा फिफाच्या वर्ल्डकपला खेळला आणि त्या टीममध्ये आपला अनिकेत जाधव होता, अख्ख्या कोल्हापूरला अभिमान. त्याच स्पर्धेच्या फायनलला कोलकात्यात इंग्लंड स्पेनपुढं दोन गोलनं मागं होतं आणि पाच-दोननं जिंकलं, त्यातले दोन गोल फिल फोडेनचे, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू पण तोच. किरकोळ अंगाचं पोर. आमच्या ट्रायलला आला असता तर, मला भीती वाटते, चेस्ट नंबर परत घेऊन 'पुढच्या वर्षी ये' म्हटलं असतं आम्ही.

तालमींचं शहर आहे आपलं, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, ह्या तालमींच्या फुटबॉल टीमची नुसती नावं घेतली तरी शाहू स्टेडियमचा गलका ऐकू येतो. अंगमेहनतीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण कुस्तीची मेहनत आणि फुटबॉलची मेहनत वेगळी, हे आमच्या तालमीतले वस्ताद सुद्धा मान्य करतात, कोच मंडळींना मात्र पटायला वेळ लागतोय, कारण टायर ओढताना फोटो चांगला येतो आणि पालकांना फी वसूल झाल्यासारखी वाटते. पोरगं मागं वळून बघतंय ह्याचा फोटो कसा काढणार?

तरी प्रयत्न करायला हरकत नाही. आपल्या फोटोग्राफरला एखाद्या बुधवारी पाठवा, सहा चाळीसच्या सुमाराला, उजेड बरा असतो. गोलच्या मागं उभं राहायला सांगा, कठड्यावर नको, तिथं काका असतात. फक्त पाऊस असला तर आदल्या दिवशी फोन करा, कारण ग्राउंडमध्ये पाणी साचलं की आम्ही शेडमध्ये बसून मागच्या मॅचचा व्हिडिओ बघतो आणि तिथं अंधार असतो.

आपला,
एक फुटबॉल कोच, कोल्हापूर