पसारा करायला पण कारागीर लागतो

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही तो लेख छापला ना, घरातल्या खोल्या मोटर लावून उलट्यापालट्या करणाऱ्या आर्टिस्ट लोकांवरचा, तो वाचून दोन दिवस गप्प बसलो पण राहवेना म्हणून लिहायला घेतलं. लेखाचा सूर एकूण असा की यात कला कसली, एवढा पसारा आमची पोरं पाच मिनिटांत करतात. बायको वाचून हसली. मला काही हसू आलं नाही. मी बावीस वर्षं लिफ्टच्या मेंटेनन्समधे काढलीत, कलेतलं मला कळतं असं मी म्हणणार नाही, पण मोटर, गिअर, दोर आणि ब्रेक यातलं चांगलं कळतं आणि त्या बाजूने बघितलं तर तुमच्या लेखकाला मुद्दा सापडलेलाच नाही.

अहो पोरांचा पसारा कसाही होतो. या लोकांचा पसारा रोज व्हावा लागतो, ठरल्या वेळी, ठरल्या जागी, आणि बघायला आलेल्या माणसाच्या डोक्यात काही न पडता. लिफ्ट शंभर प्रकारे बिघडते, त्याचं काही विशेष नाही. पण मला कोणी सांगितलं असतं की रोज सकाळी अकराला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या बरोबर मधे, एकच आवाज करून बंद पडेल अशी लिफ्ट बनवून दे, तर मी सरळ हात जोडले असते.

रेबेका हॉर्न या जर्मन बाईंचं 1990 चं काम घ्या. आख्खा ग्रँड पियानो छताला उलटा टांगलाय. दोन-तीन मिनिटं काही होत नाही, मग एकदम झाकण उघडतं आणि पट्ट्या सगळ्या भसकन बाहेर येतात, तारांचा एकच कल्लोळ, आणि थोड्या वेळाने सगळं सावकाश परत आत. लोक पट्ट्या बघतात, माझी नजर वरच्या दोरांवर जाते. ग्रँड पियानो म्हणजे तीन-चारशे किलोचा ऐवज, नुसता लटकवून ठेवला तर फार काही नाही, पण इथे दर वेळी झटका बसतो आणि दिवसभरात असे शंभरेक झटके होणार. आम्ही लिफ्टच्या दोरांना साधारण बारापट मार्जिन धरतो, म्हणजे पडणाऱ्या वजनाच्या बारापट पेलतील असे दोर लावतो, ते उगाच नाही. ज्याने तो पियानो टांगला त्याला झोप लागत असेल तर तो माणूस पक्का.

दुसरं ते स्वयंपाकघर. झेगर रेयर्स नावाच्या डच कलाकाराने 2009 मधे जर्मनीत ड्युसेलडॉर्फला एक पूर्ण किचन, ओटा, कपाटं, भांडीकुंडी सगळं धरून, मोटरवर हळूहळू आडव्या आसाभोवती फिरवलं, म्हणजे जमिनीची भिंत होते, भिंतीचं छत होतं आणि परत जमीन. तुमच्या लेखात याला "भांड्यांची नासधूस" म्हणून एका ओळीत उडवलंय. नासधूस आहेच हो, पण ती कशी होते ते बघा ना. गुळगुळीत ओट्यावरचं रुंद बुडाचं पातेलं पंधरा-वीस अंशांपर्यंत हूं की चूं करत नाही, मग एकाएकी सुटतं. उंच बाटली घसरायच्या आधीच कलंडते कारण तिचा बुडखा लहान. गोल वस्तू कोणाला न विचारता पहिल्याच अंशाला निघतात. कपाटाचं दार तर आत माल असला आणि कडी नसली की ठरावीक कलापर्यंत थांबतं आणि मग एकाएकी उघडून पोटातलं सगळं ओकतं. प्रत्येक वस्तूचा पडायचा नंबर ठरलेला असतो. आणि हे सगळं मुंगीच्या चालीने, त्यामुळे आता पडणार आता पडणार म्हणून माणूस तिथेच खिळून राहतो. घरात कप पडतो तेव्हा आपल्याला फक्त आवाज येतो, पडण्याआधीचा वेळ आपल्या वाट्याला कधी येतच नाही, तो इथे मिळतो.

हा हळूपणाच सगळ्यात अवघड. मोटर स्वभावाने जोरात पळणारी, तिला गोगलगाय करायची तर मधे वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या दांड्याने दातेरी चाक हळू फिरवणारी जोडी, घालावे लागतात, लिफ्टमधेही असायचे. आर्थर गॅन्सन या अमेरिकन शिल्पकाराने याची जी गंमत केलीय ती वाचून मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. वर्म गिअरच्या बारा जोड्या, प्रत्येक जोडी वेग पन्नासपट कमी करणार, मोटर मिनिटाला 200 फेरे, आणि शेवटचा गिअर चक्क काँक्रीटच्या ठोकळ्यात गाडलेला, तरी मोटर मजेत चालू. कारण त्या शेवटच्या गिअरची एक फेरी पुरी व्हायला दोन लाख कोटींहून जास्त वर्षं लागतात. हिशोब दोनदा केला, बरोबर आहे.

आता कोणी म्हणेल की स्विस शिल्पकार टँग्ली यांचं काय, त्यांचं तर मशीन स्वतःलाच मोडून टाकत होतं, त्यात कसली शिस्त. बरोबर, 17 मार्च 1960 ला न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या म्युझियमच्या बागेत पियानो, बाथटब, सायकलची चाकं वगैरे जोडून केलेलं ते धूड 27 मिनिटं धडपडलं, बऱ्याच गोष्टी ठरल्यासारख्या झाल्याच नाहीत आणि शेवटी आग विझवायला फायरब्रिगेडचा माणूस लागला. पण ते धड मोडावं म्हणून सुद्धा बिली क्लूव्हर हे बेल लॅब्जचे इंजिनीअर मदतीला घ्यावे लागले होते.

माझी खरी तक्रार तुमच्या फोटोवर आहे. सगळं पडून झाल्यानंतरचा फोटो छापलात, अर्ध्या पानाचा. तो बघून कोणालाही पसाराच दिसणार. लग्नाचा फोटो म्हणून रिकाम्या खुर्च्यांचा फोटो छापल्यासारखं झालं हे.

मी स्वतः असं काम प्रत्यक्ष एकदाच बघितलंय आणि ते पण बंद असताना. अमेरिकन कलाकार जोनाथन शिपर यांनी एक सजवलेला हॉल, सोफा-दिवे-टेबलासकट, दोर बांधून विंचने, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, भिंतीतल्या भोकाकडे ओढत नेला होता, इतका हळू की समोर उभं राहिलं तरी हलताना दिसू नये. मी बघायला गेलो ते कोणा दुसऱ्याचं, पण त्याच धर्तीचं होतं. भाच्याने हट्टाने नेलं आणि दारावर पाटी, तांत्रिक कारणास्तव बंद. लोक मागे फिरले, मी मात्र पाटीला चिकटलो कारण आत एक मुलगा ड्रमपाशी उकिडवा बसलेला दिसला. दोर ड्रमवर ओळीने बसायच्या ऐवजी एका बाजूला एकावर एक चढत होता आणि मग निसटून झटका देत होता. मी बाहेरूनच म्हटलं, अरे तुझी पुली ड्रमच्या मधोमध नाहीये, आणि लांब घे ती जरा. त्याने वर बघितलं आणि मला आत घेतलं.

आत जे बघितलं ते तुमच्या लेखात कुठेच नाही. जमिनीवर प्रत्येक पायाखाली टेपचा तुकडा आणि त्यावर नंबर. टेबलाचे चार पाय म्हणजे 14 ते 17. कपाटावर कपाच्या जागी पेन्सिलने गोल काढलेला आणि त्या गोलावर एक छोटी रेघ, कपाचा कान इकडे यावा म्हणून. रोज रात्री हा मुलगा एकटा सगळी खोली परत लावतो, अडीच तास लागतात म्हणाला, आणि सकाळी ती परत विस्कटायला तयार. बाहेर भिंतीवर आर्टिस्टचं नाव, स्पॉन्सरची नावं. याचं नाव नाही. मी विचारलं तर म्हणाला, सर आमचं नाव लिफ्टमधे कुठे असतं? मी काही बोललो नाही.

आपली मोडलेली वस्तू आपणच जोडणारं एकच काम मला माहीत आहे, डीन, डी'अँड्रिया आणि डोनोव्हन या तिघांची 2006 ची रोबोट खुर्ची. साधी लाकडी दिसते, अचानक कोसळते, मग बसायची फळी जमिनीवर रांगत रांगत स्वतःचे पाय शोधते, वर लावलेल्या कॅमेऱ्याच्या मदतीने, जोडते आणि उभी राहते. बाकी सगळीकडे रात्री कोणीतरी माणूसच वाकतो.

तेव्हा एवढं करा. पुढच्या वेळी असा लेख छापलात तर एक तरी फोटो आधीचा द्या, एक चालू असतानाचा द्या, आणि लेखकाला सांगा की संध्याकाळी गॅलरी बंद झाल्यावर अर्धा तास आत थांब. त्या दिवशी पुली सरकवून झाल्यावर आम्ही विंच एकदा रिकामी फिरवली, दोर शिस्तीत बसायला लागला, मग त्या मुलाने कप उचलून त्याच्या गोलावर ठेवला, कान रेघेवर आणला, दोन पावलं मागे गेला, परत पुढे येऊन केसभर सरकवला आणि मला म्हणाला, आता पाटी काढा.

आपला एक वाचक
(लिफ्टवाला, निवृत्त)