रश लिंबॉबद्दल, तू विचारलंस म्हणून

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. अमेरिकेतला उजव्या विचारांचा रेडिओ-भाष्यकार रश लिंबॉ, त्याच्यावर लेख लिहायचाय, ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ असे दोन रकाने आखलेस आणि आता कुठला जड ते ठरेना, असं लिहिलंस. फोनवर हे नीट बोलून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मिझुरी राज्यात सेंट लुईसला आपण राहायचो तेव्हा दुपारचा त्याचा आवाज आपल्या स्वयंपाकघरात रोजचा होता. बाबा कामावर, तू पाळण्यात, माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही. अकरा वाजता रेडिओ लावायचा तो दोनपर्यंत.

मी पुण्यात वाढले. रेडिओ म्हणजे आकाशवाणी, सकाळी सुधा नरवणे यांच्या आवाजातल्या प्रादेशिक बातम्या. आपल्याकडे खासगी एफएमला अजूनही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. त्यामुळे एक माणूस रोज तीन तास राष्ट्राध्यक्षांवर बेधडक तोंडसुख घेतो आणि त्याला कुणी अडवत नाही, याचंच मला आधी अप्रूप वाटलं. अमेरिकेतही हे पूर्वीपासून नव्हतं. वादाच्या विषयावर दुसरी बाजूही ऐकवली पाहिजे, असा तिथे 1949 पासून नियम होता. तो 1987 मध्ये रद्द झाला. गाणी तोवर एफएमवर गेली होती, कारण आवाज तिथे चांगला येतो, आणि एएम, म्हणजे जुनी मध्यम लहरींवरची स्टेशनं ओस पडायला लागली होती. 1 ऑगस्ट 1988 ला 56 स्टेशनांवर लिंबॉचा कार्यक्रम सुरू झाला. स्टेशनांनी पैसे द्यायचे नाहीत, त्याबदल्यात जाहिरातींची काही मिनिटं सोडायची, असा व्यवहार होता. बुडू लागलेल्या मालकांनी तो हातोहात उचलला. पुढे ही स्टेशनं सहाशेच्या वर गेली. एएम रेडिओ त्याने वाचवला असं म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे.

त्याची कला मात्र नियमांवरून कळणार नाही. ती ऐकायला लागते. माइकसमोर तो कागद मुद्दाम खडखडवायचा, टेबलावर थाप मारायचा, आणि वाक्याच्या मधोमध असा थांबायचा की हातातलं लाटणं थांबावं. समोर पाहुणा नाही, लिहून आणलेलं भाषण नाही. तीन तास एकटा बोलायचा आणि कंटाळा येऊ द्यायचा नाही. तुम्ही रेडिओचं तंत्र शिकताय, तेव्हा यातली मेहनत तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

या माणसाची ही हातोटी फुकट आलेली नव्हती. केप जिराडो या मिझुरीतल्याच गावचा, वकिलांच्या घरातला मुलगा. कॉलेज अर्धवट सोडलं, एकामागून एक स्टेशनांनी काढून टाकलं, मग पाच वर्षं कॅन्सस सिटीच्या बेसबॉल संघाकडे नोकरी केली. आपलं कुणी ऐकत नाही, शहरातले शिकलेले लोक आपल्याला हसतात, असं वाटणाऱ्या ट्रकवाल्याशी, शेतकऱ्याशी, फिरत्या विक्रेत्याशी तो त्यांच्यातला होऊन बोलायचा. शेजारच्या गल्लीतला एक प्लंबर आमच्याकडे कामाला यायचा, तो म्हणायचा, मी जे मनात धरतो ते हा मोठ्याने बोलतो. ते ऐकताना त्या माणसाचा चेहरा उजळायचा. त्या लोकांना तुझ्या लेखात मूर्ख ठरवू नकोस. 1994 मध्ये उजव्या रिपब्लिकन पक्षाने अमेरिकी संसदेचं प्रतिनिधीगृह चाळीस वर्षांनी जिंकलं, तेव्हा नव्या खासदारांनी त्याला आपला मानद सदस्य केलं, ते या श्रोत्यांच्या जोरावर.

आणि 2001 मधली गोष्ट जरूर लिही. काही महिन्यांत तो जवळजवळ ठार बहिरा झाला. रेडिओवरच्या माणसाचे कान गेले! फोन करणाऱ्याचं बोलणं कुणीतरी भराभर टाइप करायचं, तो ते पडद्यावर वाचून उत्तर द्यायचा. वर्षअखेरीस कानात यंत्र बसवलं. कार्यक्रम चालूच राहिला. ही जिद्द मला आजही मोठी वाटते.

आता दुसरी बाजू. सुरुवातीच्या काळात तो ‘एड्स अपडेट’ नावाचा भाग करायचा, गाणं लावून, मरणाऱ्या माणसांची खिल्ली उडवत. पुढे त्याचा त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याने तसं बोलूनही दाखवलं. पण सवय गेली नाही. 2006 मध्ये मिझुरीतल्याच सिनेटच्या निवडणुकीत मायकेल जे. फॉक्स या नटाने मूलपेशी (स्टेम सेल) संशोधनाच्या बाजूने जाहिरात केली. त्याला पार्किन्सन्स होता, बोलताना अंग हलत होतं. लिंबॉ म्हणाला, हा नाटक करतोय किंवा औषध घेतलेलं नाही, आणि स्टुडिओतल्या कॅमेऱ्यासमोर हात आणि खांदे हलवून नक्कल करून दाखवली. खरं तर ते हलणं औषधाचाच परिणाम होतं. आजोबांचे हात शेवटी कसे हलायचे ते तू पाहिलं आहेस, त्यामुळे यावर मी जास्त लिहीत नाही.

2012 चं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागलं. सँड्रा फ्लूक, जॉर्जटाउन विद्यापीठात कायदा शिकणारी मुलगी. गर्भनिरोधक गोळ्या विम्यात असाव्यात, असं तिने खासदारांसमोर सांगितलं. त्यावर या माणसाने तिला वेश्येपर्यंतच्या शिव्या दिल्या, एकदा तोंडातून निसटलं असं नाही, दिवसामागून दिवस. जाहिरातदार पळू लागले तेव्हा माफी मागितली.

दोन रकान्यांतली अडचण मला इथे दिसते. प्लंबरला आपलं वाटणारं बोलणं आणि फ्लूकला दिलेली शिवी, दोन्ही एकाच कसबातून आल्या. ऐकणाऱ्याला जवळ घ्यायचं आणि त्याच्यासमोर तिसऱ्या कुणाला उभं करून हसायचं. ती तिसरी व्यक्ती खोलीत नसते. फोन येत, पण कुणाचा लावायचा हे आधी छाननी करून ठरे, आणि फोन करणाऱ्याने यजमानाला शोभा आणावी हाच फोनचा उद्देश, हे तो स्वतः उघड सांगायचा. फ्लूकला तिथे उत्तर देता येणार नव्हतं, फॉक्सला नव्हतं, एड्सने गेलेल्यांना तर नव्हतंच. म्हणून त्याच्या कसबाचे गुण दे, पण ते गुण या बाजूच्या हिशेबातून वजा करू नकोस. सत्ताधाऱ्यांवर तो तुटून पडला त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. आजारी माणूस आणि विद्यार्थिनी सत्ताधारी नव्हते.

वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनावर फार शाई खर्च करू नकोस. व्यसन हा आजार आहे, 2003 मध्ये त्याने ते कबूलही केलं. फक्त 1995 मध्ये तोच म्हणाला होता की नशा करणाऱ्यांना तुरुंगात टाका, एवढं एका वाक्यात येऊ दे.

तो सतत सांगायचा की वर्तमानपत्रं, विद्यापीठं, शास्त्रज्ञ सगळे खोटं बोलतात. तीस वर्षं हे ऐकल्यावर श्रोत्याकडे विश्वास ठेवायला फक्त तोच उरतो. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याने कोरोनाला साधी सर्दी म्हटलं. त्याच महिन्यात त्याने स्वतःच्या फुफ्फुसाच्या कर्करोगाची बातमी दिली होती, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला सर्वोच्च नागरी सन्मानही मिळाला होता. 17 फेब्रुवारी 2021 ला तो गेला. तेव्हा काहींनी आनंद साजरा केला, तो मला अजिबात आवडला नाही. मरणाऱ्यांना हसणं ही त्याचीच रीत होती.

आता कामाचं. तुकडे बघून लिहू नकोस, एक तरी पूर्ण तीन तासांचा कार्यक्रम ऐक. मग फ्लूकचं निवेदन शब्दन् शब्द वाच. मिझुरीच्या राजधानीत, जेफरसन सिटीला, विधानभवनात त्याचा अर्धपुतळा आहे, तोही बघून ये. 2012 च्या मे महिन्यात, फ्लूकच्या प्रकरणानंतर थोड्याच आठवड्यांनी, दारं लावून त्याचं अनावरण झालं आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला कॅमेरा लावावा लागला. तिथल्या कर्मचाऱ्यांशी बोल, त्यांना तो कोण वाटतो ते विचार. बाबांचं आणि माझं या विषयावर पटत नाही. कर कमी करण्यावरचं त्याचं बोलणं त्यांना पटायचं. त्यांनाही वेगळं विचार, आणि त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत नको, त्यांच्याच शब्दांत लिही.

लेख झाला की आधी मला पाठव.

तुझी,
आई